ओपनट्रेप: प्रवासाच्या शोधवाक्याचा अर्थ लावणारी मुक्त स्रोत लायब्ररी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रवासाच्या बहुतेक संकेतस्थळांवर ‘कुठून’ आणि ‘कुठे’ अशा वेगवेगळ्या चौकटी असतात. माणूस मात्र बोलताना सगळं एका दमात सांगतो. ते मोकळं वाक्य घेऊन त्यातली ठिकाणं ओळखण्याचं काम ओपनट्रेप करते. ही लायब्ररी वापरणाऱ्या, वापरावी की नाही याचा विचार करणाऱ्या आणि मराठीतून शोध चालवू पाहणाऱ्या प्रोग्रामरांचे प्रश्न मी इथे एकत्र केले आहेत. विमानतळांचे कोड आणि आज्ञा या पानावर देवनागरीत दिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टाकायच्या.

ओपनट्रेप नेमकं काय करते?

तिला मजकुराची एक ओळ द्यायची, ती ओळखू आलेल्या ठिकाणांची यादी परत देते. प्रत्येक ठिकाणाबरोबर त्याचा कोड, प्रकार, अक्षांश-रेखांश, देश आणि जुळणीची टक्केवारी मिळते. ‘ओपन ट्रॅव्हल रिक्वेस्ट पार्सर’ या पूर्ण नावातली आद्याक्षरं जोडून हे नाव बनलं आहे. लायब्ररी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आहे आणि पायथनमधूनही वापरता येते.

समजा कुणी ‘सॅन फ्रान्सिस्को रिओ दी जानेरो’ असं लिहिलं, मध्ये ना स्वल्पविराम ना ‘ते’, वर स्पेलिंगमध्ये एक-दोन अक्षरं इकडची तिकडे. तरीही उत्तरात दोन ठिकाणं यावीत, पाच नव्हेत, आणि ती लिहिलेल्या क्रमानंच यावीत, हे तिचं काम.

म्हणजे ही विमानाची तिकिटं शोधते का?

नाही. भाडं, वेळापत्रक, जागा शिल्लक आहे की नाही, यातलं काहीही तिला ठाऊक नसतं. तिकीट शोधणाऱ्या यंत्रणेच्या आधी ती उभी असते आणि त्या यंत्रणेला समजतील असे कोड तयार करून देते.

विमानतळांच्या कोडची यादी कुठेही मिळते. त्या यादीशी शब्द जुळवले की झालं, नाही का?

बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात आणि पहिल्या दिवशी ते चालतंही. खऱ्या माणसांनी लिहिलेली वाक्यं आली की अडचणी दिसू लागतात.

आयटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे विमानतळ-कोड तीन अक्षरांचे असतात. इंग्रजी वर्णमालेतून तीन अक्षरांच्या १७,५७६ जुळण्या होतात आणि त्यांतल्या हजारो वापरात आहेत. त्यामुळे इंग्रजीतले अगदी रोजचे शब्द कुठल्या ना कुठल्या गावाचे कोड निघतात. ‘फॉर’ हा ब्राझीलमधल्या फोर्तालेझाचा कोड, ‘द’ हा त्याच देशातल्या तेरेसिनाचा. ‘कॅन’ म्हणजे चीनमधलं ग्वांगझू, ‘मॅन’ म्हणजे मँचेस्टर, ‘सॅट’ म्हणजे सॅन अँटोनियो. ‘डॉग’सुद्धा सुटलेला नाही, तो सुदानमधल्या डोंगोलाचा कोड आहे. कुत्र्याला बरोबर घेऊन प्रवास करणाऱ्यानं साधं वाक्य लिहिलं तरी त्याचा मार्ग डोंगोलावरून जाऊ शकतो.

गावांच्या नावांचंही तेच. फ्रान्समधलं नीस रोमन लिपीत ‘नाइस’ या विशेषणासारखंच लिहितात. क्रोएशियातलं स्प्लिट, आयर्लंडमधलं कॉर्क, अलाबामातलं मोबील, ही सगळी इंग्रजीतली सर्वसामान्य नामं किंवा क्रियापदंही आहेत. म्हणून एखादा शब्द यादीत सापडला एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. शेजारचे शब्द, संपूर्ण वाक्याची विभागणी आणि त्या ठिकाणाचं वजन एकत्र पाहावं लागतं. तेवढ्यासाठी लायब्ररी हवी.

वाक्यातले शब्द कुठे तोडायचे हे ती कसं ठरवते?

माझ्या मते या लायब्ररीचा सगळ्यात सुंदर भाग हाच आहे.

पाच शब्दांच्या वाक्यात शब्दांमधल्या चार फटी असतात. प्रत्येक फटीत तोडायचं किंवा जोडून ठेवायचं, असे दोनच पर्याय. म्हणजे एकूण १६ विभागण्या झाल्या. ‘सॅन’ एकीकडे आणि ‘फ्रान्सिस्को रिओ’ दुसरीकडे, हीसुद्धा त्यांतली एक. ओपनट्रेप या विभागण्या तयार करते, प्रत्येकीतला प्रत्येक तुकडा इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी आधीच बांधून ठेवलेल्या सूचीत, शोधते, तुकड्यांच्या जुळणीवरून त्या विभागणीला एकत्रित गुण देते आणि सर्वांत सरस ठरलेली विभागणी निवडते. ‘फ्रान्सिस्को रिओ’ नावाचं ठिकाण सापडत नाही, त्यामुळे ती विभागणी आपोआप मागे पडते. ‘न्यू यॉर्क’ लिहिणाऱ्याला इंग्लंडमधलं यॉर्क मिळत नाही तेही याच कारणानं: दोन शब्द एकत्र जुळले की सुट्या शब्दांपेक्षा ते भारी ठरतात.

‘पॅरिस टेक्सास’ हे उदाहरण मला फार बोलकं वाटतं. टेक्सासमध्ये खरोखरच पॅरिस नावाचं गाव आहे, त्याला पीआरएक्स हा स्वतःचा कोडही आहे. जोडून वाचलं तर ते गाव, तोडून वाचलं तर फ्रान्सची राजधानी आणि अमेरिकेतलं एक राज्य. दोन्ही वाचनं व्याकरणानं बरोबर आहेत, निर्णय फक्त गुणांवर होतो.

शब्द वाढले की विभागण्या दर शब्दाला दुप्पट होतात. दहा शब्दांना ५१२, पंधरा शब्दांना १६,३८४, वीस शब्दांना सव्वापाच लाखांच्या घरात. म्हणून वाक्याचे आधी ढोबळ तुकडे पाडले जातात: लगतचे दोन शब्द कुठल्याही नावात एकत्र येतच नसतील तर तिथे सरळ काप, आणि मग प्रत्येक तुकड्यापुरत्या विभागण्या. एवढं असूनही कुणी पूर्ण परिच्छेद या लायब्ररीत ओतू नये. ती शोधपेटीतल्या ओळीसाठी बनली आहे. ई-मेलमधून ठिकाणं काढायची असतील तर आधी तो मजकूर लहान करा.

स्पेलिंग चुकलं तर?

चालतं, मर्यादेत. संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक डॅमेराउ यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं होतं की टंकलेखनातल्या ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारांच्या असतात: एक अक्षर चुकलेलं, एक गळालेलं, एक जादा, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल. ओपनट्रेपच्या पोटात मजकूर-शोधाचं काम झॅपियन ही दुसरी मुक्त स्रोत लायब्ररी करते, आणि तिची स्पेलिंग-सुधारणा याच चार बदलांची संख्या मोजते. शब्द जितका लांब तितक्या जास्त चुका माफ होतात. ‘रेक्याविक’च्या रोमन स्पेलिंगमध्ये दोन चुका खपतात, तीन-चार अक्षरांच्या नावात एकसुद्धा खपवून घेणं धोक्याचं असतं.

स्पेनमधलं ग्रानादा आणि कॅरिबियनमधलं ग्रेनेडा पाहा. रोमन लिपीत दोन्हींत एका अक्षराचा फरक आहे, आणि मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. म्हणून शब्द जसाच्या तसा सापडला की सुधारणेला हात लावायचा नाही, हा नियम पाळावाच लागतो. तुम्ही ओपनट्रेपच्या पुढे स्वतःचा स्पेलिंग सुधारणारा थर बसवणार असाल तर हा नियम तिथेही ठेवा. आधीच्या थरानं ग्रेनेडाचं ग्रानादा केलं तर मागची लायब्ररी काहीही करू शकत नाही.

एकाच नावाची अनेक गावं असतील तर ती कुठलं निवडते?

मजकूर सारखाच जुळत असेल तर ठिकाणाचं महत्त्व पाहते. ते महत्त्व पेजरँकच्या पद्धतीनं काढलेलं असतं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये वेबपानांसाठी मांडलेली ही कल्पना विमानतळांनाही लागू पडते: पानं जशी दुव्यांनी जोडलेली तसे विमानतळ उड्डाणांनी. ज्या विमानतळावर इतर महत्त्वाच्या विमानतळांकडून जास्त उड्डाणं येतात तो अधिक महत्त्वाचा. त्यामुळे नुसतं ‘सिडनी’ लिहिलं तर ऑस्ट्रेलियातलं एसवायडी वर येतं आणि कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातलं वायक्यूवाय खाली जातं.

ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी कॅनडातल्या सिडनीला जाऊन पोचल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत आणि त्यांच्या बातम्याही झाल्या आहेत. म्हणून माझा आग्रह असतो की ओपनट्रेपचं पहिलं उत्तर घेऊन बाकीची फेकून देऊ नका. निकालात प्रत्येक मुख्य ठिकाणाबरोबर दोन जोडयाद्या असतात. एकीत तितकेच गुण मिळालेली ठिकाणं, दुसरीत त्याहून कमी गुणांची. सॅन होजे म्हटलं की कॅलिफोर्नियातलं एसजेसी आणि कोस्टा रिकातलं एसजेओ, दोन्ही वाजवी. सान्तियागो म्हटलं की चिली, स्पेन आणि क्यूबा. बर्मिंगहॅम इंग्लंडातही आहे, अलाबामातही. अशा वेळी पडद्यावर देशाच्या नावासह दोन-तीन पर्याय दाखवा. प्रवाशाला एकदा बोट लावावं लागेल, पण चुकीच्या खंडात उतरावं लागणार नाही.

आणखी एक: पेजरँक जगभराचा एकच असतो. वापरणारा कुठे बसला आहे, कुठल्या भाषेत लिहितो आहे, हे त्यात धरलेलं नाही. कोस्टा रिकातून लिहिणाऱ्याच्या मनातलं सॅन होजे बहुधा घरचंच असणार. हा संदर्भ तुमच्या ॲप्लिकेशनकडे असतो, तेव्हा जोडयाद्यांचा क्रम तिथेच बदला.

शहर आणि विमानतळ यांत ती फरक करते का? रेल्वे स्थानकं?

करते. लंडन या शहराचा कोड एलओएन, आणि त्याखाली हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी असे विमानतळ. टोकियोखाली हानेदा आणि नारिता. न्यूयॉर्कच्या शहर-कोडाखाली येणारं नेवार्क तर दुसऱ्याच राज्यात, न्यू जर्सीत आहे. नीससारख्या ठिकाणी शहराला आणि विमानतळाला एकच कोड असतो, पण डेटामध्ये त्यांच्या नोंदी प्रकारानुसार ओळखता येतात.

रेल्वे स्थानकं, बसस्थानकं, हेलिपॅड आणि बंदरंही डेटामध्ये आहेत, कारण त्यांतल्या अनेकांना आयटाचा कोड दिलेला असतो. पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकाचा कोड एक्सपीजी, लंडनच्या सेंट पँक्रसचा क्यूक्यूएस. फक्त विमानं विकत असाल तर हे प्रकार गाळून टाका, नाहीतर तिकीट शोधणाऱ्या यंत्रणेला स्थानकाचा कोड जाईल आणि रिकामं उत्तर येईल.

हा सगळा डेटा येतो कुठून?

मुख्यतः ओपनट्रॅव्हलडेटा या भावंड-प्रकल्पातून. तोही मुक्त आहे आणि गिटहबवर आहे. त्यातली ठिकाणांची मुख्य फाइल युटीएफ-८ मजकुराची आहे, रकाने टोपीसारख्या चिन्हानं वेगळे केलेले. अनेक नोंदी जिओनेम्स या भौगोलिक नावांच्या मुक्त कोशाशी जोडलेल्या आहेत, त्या कोशात १ कोटी १० लाखांहून अधिक ठिकाणं आहेत.

अल्गोरिदमबद्दल सगळे विचारतात, डेटाबद्दल फार थोडे. खरं सांगायचं तर निकालाचा दर्जा डेटावरच अधिक ठरतो. गावांची नावं बदलतात आणि कोड बहुधा तसेच राहतात: सेंट पीटर्सबर्गचा एलईडी हा कोड लेनिनग्राडची आठवण ठेवून आहे, हो ची मिन्ह सिटीचा एसजीएन सायगॉनची, मुंबईचा बीओएम जुन्या इंग्रजी नावाची. कधीकधी उलटंही होतं. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव २०१९ मध्ये अस्तानाचं नूर-सुलतान झालं, २०२० मध्ये विमानतळाचा कोड टीएसई होता तो एनक्यूझी झाला, आणि २०२२ मध्ये शहराचं नाव पुन्हा अस्ताना झालं. नाव परत आलं, कोड मात्र नवाच राहिला.

सगळ्यात अवघड प्रसंग इस्तंबूलचा. ६ एप्रिल २०१९ रोजी आयएसटी हा कोड अतातुर्क विमानतळाकडून नव्या विमानतळाकडे गेला. कोड तोच, शहर तेच, जागा वेगळी. ज्यांच्याकडे जुना इंडेक्स होता त्यांची शोधपेटी न कुरकुरता चालत राहिली असणार, फक्त नकाशावरची खूण चुकीच्या ठिकाणी. अशा बदलांसाठी डेटामध्ये नोंद कधीपासून कधीपर्यंत लागू आहे याचे रकाने आहेत. बर्लिनचा टेगेल विमानतळ २०२० च्या नोव्हेंबरात बंद झाला, तरी जुनी तिकिटं तपासणाऱ्याला त्याचा टीएक्सएल हा कोड लागतोच.

इंडेक्स वेळोवेळी नव्यानं बांधा. एकदा बसवली आणि विसरून गेलो, अशी ही गोष्ट नाही.

मराठीत, देवनागरीत लिहिलं तर ओळखते का?

अंशतः. याचं सविस्तर उत्तर दिलंच पाहिजे, कारण मराठी शोधपेटी बनवू पाहणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या आठवड्यात इथेच अडतात.

मजकूर स्वच्छ करण्यासाठी ओपनट्रेप आयसीयू ही युनिकोडची (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाची) लायब्ररी वापरते. विरामचिन्हं आणि अवतरणचिन्हं काढायची, अक्षरांवरचे स्वरचिन्हांचे टिंब-काने उतरवायचे, मग शोधायचं. युरोपीय भाषांसाठी हे उत्तम चालतं: म्युनिकच्या जर्मन नावातल्या ‘यू’वरचे दोन टिंब निघून जातात आणि साधं ‘यू’ उरतं. तिथेही अपवाद आहेत. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या नावातलं छेद दिलेलं ‘ओ’ युनिकोडच्या दृष्टीनं ‘ओ’ अधिक चिन्ह नसून स्वतंत्र अक्षर आहे, नुसतं चिन्ह उतरवायला गेलं तर ते हलत नाही. पोलंडमधल्या वूचच्या नावातलं छेद दिलेलं ‘एल’ही तसंच.

देवनागरीत मात्र हीच सफाई उलटी पडते. युनिकोडमध्ये उकार, एकार, अनुस्वार आणि पायमोडीचं चिन्ह ही सगळी ‘जागा न घेणारी चिन्हं’ या वर्गात मोडतात. स्वरचिन्हं काढा, असा नियम सरसकट लावला की ‘न्यूयॉर्क’चं ‘नययॉरक’ होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी लिप्यंतर, मग चिन्हं उतरवणं. तुम्ही स्वतःची सफाई लिहीत असाल तर हे पहिल्याच चाचणीत घाला.

लिप्यंतरानंही सगळं सुटत नाही. आयसीयू अक्षरागणिक रोमन करते, उच्चारात न येणारा अंत्य ‘अ’ ती गाळत नाही. ‘लंडन’च्या शेवटी एक जादा ‘ए’ लागतो आणि इंग्रजी स्पेलिंगमधल्या दोन्ही ‘ओ’च्या जागीही ‘ए’च येतो. एवढ्या चुका स्पेलिंग-सुधारणेच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. खरा उपाय एकच, तो म्हणजे देवनागरी नावंच इंडेक्समध्ये असणं. डेटामध्ये प्रत्येक ठिकाणाची पर्यायी नावं भाषेच्या कोडासह ठेवायची सोय आहे. मोठ्या शहरांना मराठी नावं सहसा मिळतात, लहान विमानतळांना नसतात. ती आपण भरायची आहेत. लॉस एंजेलिस, लॉस अँजेलिस, लॉस एंजल्स अशी सगळी चालू रूपं भरा, एकच ‘शुद्ध’ रूप ठरवत बसू नका. शोधपेटीत माणूस त्याच्या हाताला येईल तसं लिहितो.

दोन बारीक पण महत्त्वाच्या गोष्टी. ‘ॲमस्टरडॅम’मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे साठवलेलं सापडतं: २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आलेलं स्वतंत्र ‘ॲ’, किंवा ‘अ’ला चंद्रकोर जोडून केलेलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण युनिकोडच्या सामान्यीकरणानं ती एक होत नाहीत. एकाचं दुसऱ्यात रूपांतर स्वतः लिहावं लागतं. दुसरी गोष्ट विभक्तीची. मराठीत ‘पासून’, ‘ला’ हे नावाला चिकटून येतात: ‘कैरोहून’, ‘पॅरिसला’. कधी मूळ रूपही बदलतं: ढाका पण ‘ढाक्याहून’, मक्का पण ‘मक्केला’. इंडेक्समध्ये शोधण्याआधी प्रत्यय सोडवणारा एक छोटा थर लागतो. नियम फार नाहीत, आणि आकारान्त नावांची सामान्यरूपं पर्यायी नावं म्हणूनच इंडेक्समध्ये घातली तरी बराच पल्ला गाठता येतो.

निघायचं ठिकाण कुठलं आणि पोचायचं कुठलं, हे ती सांगते का?

ती ठिकाणांचा क्रम सांगते, अर्थ तुम्ही लावायचा. पहिलं ते निघण्याचं हे गृहीतक बहुधा बरोबर ठरतं, पण ‘पॅरिसला जायचंय, कैरोहून’ असं लिहिणारे असतातच. इथे मराठी आपल्या मदतीला येते. वर ज्या प्रत्ययांचा त्रास सांगितला तेच दिशा सांगतात: ‘हून’ आणि ‘पासून’ असेल तर निघणं, ‘ला’ असेल तर पोचणं. प्रत्यय सोडवताना ते फेकू नका, शब्दाशेजारी जपून ठेवा.

तारखा, प्रवाशांची संख्या, आवडती-नावडती विमान कंपनी?

संपूर्ण प्रवास-वाक्य समजून घेणं हे प्रकल्पाचं जाहीर उद्दिष्ट आहे: वार, परतीचा प्रवास, किती जण, कुठली कंपनी हवी आणि कुठली नको, सगळं. भरवशानं वापरावा असा भाग मात्र ठिकाणांचा आहे. तारखांसाठी वेगळी लायब्ररी घ्या आणि ती आधी चालवा, म्हणजे तारखेचे शब्द वाक्यातून काढून उरलेलं ओपनट्रेपला देता येईल. इंग्रजीत शनिवारचं तीन अक्षरी संक्षिप्त रूप आणि सॅन अँटोनियोचा कोड एकच आहे, हे लक्षात घेतलं की हा क्रम का, ते कळेल.

मोठी भाषा-मॉडेलं हे सगळं करतात. मग ही लायब्ररी कशाला?

मोकळ्याढाकळ्या वाक्यातून ‘निघण्याचं ठिकाण हे, पोचण्याचं ते, तारीख अमुक’ अशी मांडणी करण्यात भाषा-मॉडेलं नक्कीच सरस आहेत. त्या कामासाठी ती जरूर वापरा. पण कोड ठरवण्याचं काम त्यांच्यावर सोडू नका. मॉडेल अस्तित्वात नसलेला किंवा दुसऱ्याच गावाचा कोड तितक्याच आत्मविश्वासानं देऊ शकतं. ओपनट्रेप फक्त इंडेक्समध्ये असलेलीच ठिकाणं देते, तोच इंडेक्स आणि तीच ओळ असेल तर उत्तर तेच राहतं, आणि ते का आलं हे गुणांवरून तपासता येतं. शिवाय ती तुमच्याच सर्व्हरवर चालते, प्रवाशाचं वाक्य बाहेर जात नाही. मॉडेलनं तुकडे पाडायचे आणि लायब्ररीनं ते ओळखायचे, ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते.

बसवायची कशी?

पायथनवाल्यांनी ‘पिप इन्स्टॉल ओपनट्रेप’ करून पाहावं. स्रोतातून बांधायची वेळ आली तर सीमेक, बूस्ट, झॅपियन, आयसीयू, प्रोटोबफ आणि सोसी या साधनांची आणि लायब्रऱ्यांची विकास-पॅकेजेस आधी सिस्टमवर हवीत. पहिल्या दिवशीच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं, लायब्ररीत नाही.

बसवल्यावर लगेच शोध घेतला तर काही मिळणार नाही. आधी ‘ओपनट्रेप-इंडेक्सर’ चालवून डेटा फाइलपासून झॅपियनचा इंडेक्स बांधावा लागतो, मग ‘ओपनट्रेप-सर्चर’नं शोध. उत्तर थोडक्यात, सविस्तर, जेसनमध्ये किंवा प्रोटोबफमध्ये (प्रोग्राम एकमेकांना डेटा देतात ती दोन ठरलेली स्वरूपं) मागता येतं. वेबसेवेसाठी जेसन सोपं पडतं.

डेटाबेस लागतोच का?

नाही. मजकूर-शोध झॅपियनच्या इंडेक्सवर चालतो. एसक्यूलाइट, मायएसक्यूएल यांसारखा डेटाबेस ऐच्छिक आहे, कोडवरून थेट नोंद काढायची असेल तेव्हा उपयोगी.

इंडेक्स नव्यानं बांधताना सेवा बंद ठेवावी लागते का?

गरज नाही. झॅपियनच्या एका इंडेक्सवर एका वेळी एकच लिहिणारा असू शकतो, वाचणारे मात्र कितीही. ओपनट्रेपमध्ये इंडेक्सला तैनातीचा क्रमांक देता येतो: शून्य क्रमांकावर सेवा चालू असताना एक क्रमांकाचा इंडेक्स बांधा, तपासा, आणि मग सेवा तिकडे वळवा. पुढच्या वेळी उलट. नव्या डेटात काही बिघडलं असेल तर जुना इंडेक्स शाबूत असतो, परत फिरायला क्षणभरही लागत नाही.

परवाना कोणता? व्यावसायिक वापर चालेल का?

चालेल. ओपनट्रेपला एलजीपीएल या मुक्त स्रोत परवान्याची २.१ किंवा पुढची आवृत्ती लागू आहे. पण झॅपियन त्याहून कडक अशा जीपीएल परवान्याच्या २ किंवा पुढच्या आवृत्तीखाली आहे, हे अनेकांच्या नजरेतून सुटतं. दोन्ही जोडलेलं सॉफ्टवेअर तुम्ही लोकांना वाटणार किंवा विकणार असाल तर जीपीएलच्या अटी (उदा. सोर्स कोडही उपलब्ध करून देणं) लागू होतात. स्वतःच्या सर्व्हरवर चालवून नुसती सेवा देणं म्हणजे जीपीएल २ च्या अर्थानं वितरण होत नाही. ओपनट्रॅव्हलडेटा आणि जिओनेम्स यांचा डेटा क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.० खाली आहे, श्रेय देणं बंधनकारक. उत्पादन बाजारात आणण्याआधी वकिलाला एकदा दाखवा.

आमच्यासाठी ती किती अचूक आहे, हे कसं तपासू?

दुसऱ्यांच्या आकड्यांवर जाऊ नका. तुमच्या शोधपेटीत लोकांनी टाकलेली खरी वाक्यं घ्या, योग्य उत्तरं हातानं लिहा आणि प्रत्येक नव्या इंडेक्सवर तीच चाचणी चालवा. मोजताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: पहिलंच उत्तर बरोबर होतं, बरोबर उत्तर जोडयादीत होतं, आणि बरोबर उत्तर कुठेच नव्हतं. दुसऱ्या प्रकारच्या चुका पडद्याच्या रचनेनं सुटतात, तिसऱ्या प्रकारच्या डेटानं. सगळ्या एकाच टक्केवारीत कोंबल्या तर काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही.

वाक्यं साठवताना काळजी घ्या. कोण कधी कुठे जाणार आहे ही माहिती खाजगी आहे, आणि माणसं शोधपेटीत नावं, फोन नंबरसुद्धा लिहितात. चाचणीसंचात घेण्याआधी ते काढून टाका आणि वाक्य कुणाचं होतं याची खूण ठेवू नका.

एखादं ठिकाण चुकीचं येतंय किंवा सापडतच नाही. कुठे कळवू?

आधी चूक कुठली ते पाहा. ठिकाणाचा कोड तसाच टाकून शोधा. कोडनंही नोंद मिळत नसेल किंवा मिळालेली नोंद जुनी असेल तर तो डेटाचा प्रश्न आहे, ओपनट्रॅव्हलडेटाच्या भांडारात मांडा. कोडनं नीट मिळतंय पण नावानं नाही, तर बहुधा पर्यायी नाव नाही, तेही तिथेच किंवा जिओनेम्सवर स्वतः भरता येतं. नावानं एकटं मिळतंय पण वाक्यात हरवतंय, तर विभागणीचा किंवा गुणांचा प्रश्न, तो ओपनट्रेपच्या भांडारात.

कळवताना पूर्ण ओळ जशीच्या तशी द्या, अक्षरांतले बारीक फरकही राहू देत. काय अपेक्षित होतं, काय आलं, सविस्तर स्वरूपातलं उत्तर, लायब्ररीची आवृत्ती आणि डेटा फाइल कुठल्या तारखेची, एवढं लागतं. देवनागरी मजकूर असेल तर पडद्याचं छायाचित्र पाठवू नका, मजकूरच चिकटवा: दोन प्रकारचे ‘ॲ’ छायाचित्रात वेगळे ओळखता येत नाहीत.